नेमसिंग आडे पुन्हा रस्त्याला लागतो

गाडीची चावी हातात घेऊन नेमसिंग बराच वेळ नुसता बसून राहिला. गाडीभोवती सारा बोरतांडा जमला होता. सून सोनू मागच्या दारातून डबे आत सरकवत होती. मुलगा इंद्रजीत टायरांवर लाथा मारून हवा पाहत होता. बाजूच्या सीटवर नेमसिंगची बायको चंदाबाई नाकातोंडावर पदर धरून समोर पाहत बसली होती. लोकांना वाटलं, म्हातारा सेवालाल महाराजांचं नाव घेऊन राहिला. पण नेमसिंगच्या मनात तेव्हा देव नव्हता की देऊळ नव्हतं. त्याचा पाय क्लचवर जायला तयार होत नव्हता, एवढंच.

हा पाय एकदा असाच अडून बसला होता, आणि तेव्हापासून नेमसिंगनं गाडी सोडली होती.

बोरतांडा ही बंजाऱ्यांची वस्ती करंजीच्या बाजूला, हायवेपासून आत आहे. तिथल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. नेमसिंगच्या बापानं ते सगळं विसरून जमीन कसली, कापूस-तूर पेरली, घर बांधलं. नेमसिंग मात्र मिसरूड फुटायच्या आत एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि पुढे ड्रायव्हर झाला. कापसाच्या गाठी गुंटूरला न्यायच्या, येताना मिरची आणायची. कधी कोइम्बतूर, कधी बंगलोर. जवानी त्या रस्त्यावर गेली, केस त्याच रस्त्यावर पांढरे झाले. तांड्यातली माणसं म्हणायची, नेमसिंगनं दुनिया पाहिली. नेमसिंग हसायचा. त्यानं जन्मभर जे पाहिलं होतं ते पुढच्या ट्रकचं मागचं फाळकं होतं. समुद्राकाठच्या गावांतून तो शेकडो वेळा गेला असेल, पण गाडी थांबवून पाण्यात पाय घालायला सवड कधी झाली नाही. तिकडे माल उतरायची वेळ ठरलेली, इकडे भरायची ठरलेली.

मग एक दिवस आर्मूरच्या पुढे त्यानं चहासाठी गाडी बाजूला घेतली. चहा घेतला, परत केबिनमध्ये चढला आणि बसला तो बसूनच राहिला. ताप नव्हता, छातीत दुखत नव्हतं. पाय उचलत नव्हता. ऊन कलेपर्यंत तो तसाच बसला. शेवटी मालकाला फोन करून म्हणाला, "दुसरा ड्रायव्हर पाठवा. माह्यानं आता होत नाई." आणि बसनं घरी आला. त्यानंतर त्यानं स्टेरिंगला हात लावला नाही. पांढरकवड्याला बाजाराला जायचं तर ऑटोत मागे बसून जायचा. इंद्रजीतची मोटरसायकल दारात उभी असली तरी तिच्याकडे बघायचा नाही. बाज टाकून कडुनिंबाखाली पडून राहायचं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

तेवढ्यात चंदाबाईला श्वास पुरेनासा झाला.

तसा तो हळूहळूच कमी होत होता. दसरा झाला की वेचणी सुरू व्हायची. कापसाचा तो बारीक रवा नाकात जायचा, आणि वरून थंडी. आधी नुसता खोकला होता. मग तिला आडवं पडता येईना. मागचे दोन हिवाळे तिला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. दुसऱ्या खेपेला तिथली डॉक्टरीण नेमसिंगला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, थंडीच्या दिवसांत यांना इथं ठेवू नका. दिवाळी झाली की कुठंतरी उबदार ठिकाणी न्या, होळीला परत आणा. असा आणखी एक हिवाळा त्यांना झेपणार नाही."

उबदार ठिकाण म्हणजे कोणतं? इंद्रजीत यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात कामाला, तिथंच एका खोलीत राहतो. तिथं थंडी तीच, आणि धूळ जास्त. नेमसिंगला आठवलं ते आंध्रातलं, समुद्राकाठचं बापटल्याकडचं. एका पुसाच्या महिन्यात, ऐन थंडीत, तिकडे ट्रकच्या टपावर तो नुसत्या बनियनवर झोपला होता आणि तरी अंगाला घाम होता. पण खोली करून राहायचं म्हटल्यावर चंदाबाईनं साफ मान हलवली.

"परक्याच्या घरात मी नाई राह्यत. त्याइची बोली येत नाई, त्याइचं खानं येत नाई. मराचं त घरीच मरन."

मग इंद्रजीतनं ही गाडी आणली. उमरखेडच्या एका बंद पडलेल्या शाळेची जुनी मिनीबस. त्यानं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं, लोक गाडीतच घर करून महिनोन्महिने फिरतात. पांढरकवड्याच्या डोमाजी वेल्डरनं बाकं काढून पलंग बसवला, एका बाजूला ओटा केला, टपावर पाण्याची टाकी ठेवली, आणि चंदाबाईचं वाफेचं मशीन चालावं म्हणून बॅटरी जोडून दिली. कागदपत्रं झाली, रंग पांढरा झाला. तरी चंदाबाईच्या उशाशी जी खिडकी आली तिच्यावर "हात बाहेर काढू नये" हे अजून वाचता येत होतं.

"घर परकं नाई, खानं परकं नाई," इंद्रजीत म्हणाला. आईला तो याडी म्हणायचा. "याडीचा चुला याडीसंग जाईन. आता बोल बा."

नेमसिंग बाजेवरून उठलाही नाही. "मस्त केली गाडी. ड्रायव्हर पाह्य."

"चार महिने गाडीत राहाले कोन ड्रायव्हर येईन बा?"

"मले काय इचारतं? म्या स्टेरिंग सोडलं."

त्यावर बाप-लेक आठवडाभर बोलले नाहीत. चंदाबाई दोघांनाही म्हणायची, राहू द्या, मला नाही जायचं. तिला खरंच जायचं नव्हतं. माहूर आणि पोहरादेवी सोडलं तर ती कधी कुठं गेली नव्हती.

मग कोजागिरीनंतरची ती पहाट आली. नेमसिंग पाणी प्यायला उठला तर चंदाबाई भिंतीला टेकून उकिडवी बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले, गळ्याशी प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. हिवाळा अजून लागलाही नव्हता. तिनं त्याला आवाज दिला नव्हता, कारण आवाज द्यायला श्वास उरला नव्हता. त्यानं औषधाचा पंप तिच्या तोंडाशी धरला, पाठीवर हात फिरवला. उजाडेपर्यंत ती थोडी शांत झाली. तेव्हा तो म्हणाला, "दिवाळी होऊ दे. मंग जाऊ."

"कोन चालवीन?"

"मीच. दुसरं कोन हाये?"

दिवाळीत तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे दिवाळीची भेट, मागायला आल्या. चंदाबाईनं दारात बसूनच त्यांना ओवाळणी दिली. भाऊबीज झाली. कोंबड्या शेजारच्या सत्यशीलाकडे गेल्या. आणि आता सगळं भरून झालं होतं, सगळे वाट पाहत होते, आणि पाय उचलत नव्हता.

"काय झालं?" चंदाबाईनं हळूच विचारलं.

"काई नाई." त्यानं डाव्या हातानं मांडी धरून पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. गाडी सुरू झाली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. तांड्याचा म्हातारा नाईक देवसिंग काठी उंच करून म्हणाला, "आपले बुढे बैलं लादून जात होते. तू घर लादून चालला." नेमसिंगनं हात वर केला आणि मागे न बघता गाडी काढली.

हायवे आता तो राहिला नव्हता. सिमेंटचा, रुंद, मधे कण्हेरीची झाडं. मोठे कंटेनर बाजूनं सुसाट जायचे आणि गाडी हवेनं हलायची. हातांना सगळं आठवत होतं. गिअर कधी टाकायचा, आरशात कधी बघायचं, हे त्याला ठरवावं लागत नव्हतं. पण हातांबरोबर बाकीचंही परत आलं. खांद्यात पूर्वी जिथं चमक उठायची तिथंच उठली. कमरेचा तोच मणका बोलू लागला. उन्हाची तिरीप डोळ्यांत जाऊन मागे डोक्यात ठणका लागला. दोन्ही बाजूंनी शेतं पांढरी झाली होती, बाया ओटीत कापूस घेऊन ओळीनं वेचत होत्या. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागून पुंजके उडत होते. चंदाबाईनं काच लावून घेतली आणि पदर घट्ट धरला.

पांढरकवडा मागे पडलं. डोक्यात जुना हिशोब आपोआप सुरू झाला होता: दुपारपर्यंत निर्मल, संध्याकाळी कामारेड्डी, उद्या सकाळी हैदराबाद बाहेरून काढायचं. या हिशोबाला त्यानं बोलावलं नव्हतं. तो त्याच्या मानेवर बसला होता आणि पाय आणखी दाबायला सांगत होता.

पाटणबोरीजवळ रस्त्याकडेला मारोतरावचा धाबा आहे. नेमसिंग तरणा होता तेव्हापासूनची ओळख. मारोतराव आता खुर्चीत बसून असतो, गुडघे गेलेत, धाबा पोरं चालवतात. नेमसिंगनं चहासाठी गाडी आत घेतली, मारोतरावाशी दोन शब्द बोलला, चहा घेतला, परत येऊन सीटवर बसला. चावी फिरवायला हात पुढे केला आणि कळलं, की झालं. तेच पुन्हा. कमरेखाली कोणी ओली पोती भरून ठेवली असावीत तसं. त्यानं मांडी धरून पाहिली, पण या वेळी हातातही जोर नव्हता.

चंदाबाई बाजूला बसून पाहत होती. म्हणाली, "दुखून राह्यलं काय?"

"नाई."

"मंग?"

"थकलो." एवढं बोलून तो स्टेरिंगवर डोकं टेकवून बसला.

एवढ्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यानं तिच्यासमोर कधी उच्चारला नव्हता. ती उठली. सीटच्या पाठी धरत धरत मागे गेली, दम खायला पलंगावर टेकली, मग ओट्याशी उभी राहून तिनं गॅस पेटवला. धाब्याचा चहा घेऊन झाला होता, तरी तिनं पुन्हा चहा मांडला, भरपूर आलं घालून. दोन कप घेऊन ती पुढे आली आणि एक त्याच्या हातात दिला.

"रोज असंच होत होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"हे. आज आपुन सकाळपासून निंगालो, अन् माहं आंग आंबून गेलं. मी त नुसती बसून हावो. तुमी हे रोज करत होते?"

नेमसिंगनं चहा घेतला. "रोज. रात्री बी."

चंदाबाई समोरच्या ट्रककडे बघत राहिली. "मले वाटे, तुमी मजेत असता. इथं मी वावरात मरून राह्यली, पोरगं सांभाळून राह्यली, अन् हा मानूस हाटेलात खाते, गावं पाह्यते. लय राग ये मले. तुमी याचे तवा नारळ घेऊन याचे. मी मनात म्हनो, बरं आहे, मजा करून आले अन् वरून नारळ आनला."

"अन् मी म्हनो, ते घरात हाये, सावलीत हाये, तिले काय दुख."

दोघंही थोडं हसले. तिला हसताना खोकला आला, तो बराच वेळ चालला. ओसरल्यावर ती म्हणाली, "घरी जा लागते त जाऊ. इथून कटमधून फिरवा गाडी. मी कोनाले काई म्हननार नाई. इंद्रजीतले मी सांगन, मलेच नाई जमलं."

तो कट त्याला दिसत होता. दुभाजकात थोडं पुढे. फिरवली की तासाभरात कडुनिंबाची सावली. ती खरंच सगळा दोष आपल्यावर घेईल हेही त्याला ठाऊक होतं. आणि पुसात केव्हातरी पुन्हा यवतमाळचा तो वॉर्ड, नाकातली नळी, डॉक्टरीण. त्याला दोन्हींचा कंटाळा आला. जाण्याचाही आणि परत जाण्याचाही. त्याला इथंच, या सीटवर, कोणी काही न विचारता बसू द्यावं एवढंच वाटत होतं.

फोन वाजला. इंद्रजीत होता. "बा, कुठलोक पोचले? आदिलाबाद आलं असन."

"पाटनबोरीले हावो."

"अजून पाटनबोरीलेच? काई झालं काय? याडी बरी हाये नं? मंग निर्मलले कधी पोचान तुमी?"

नेमसिंग उत्तर द्यायला गेला आणि थांबला. निर्मलला कधी पोचायचं? त्याच्या लक्षात आलं की हा प्रश्न जन्मभर कोणी ना कोणी त्याला विचारत आलं होतं. मालक, पार्टी, गोदामवाला, हमाल. आज गाडीत गाठी नव्हत्या की मिरची नव्हती. बायको होती, आणि तिला कुठं उतरवायचं नव्हतं. निर्मलमध्ये त्यांची वाट पाहणारं कोणीच नव्हतं.

"कायले पोचा लागते निर्मलले?" तो इंद्रजीतला म्हणाला. "आज इथंच राहातो."

फोन ठेवून तो चंदाबाईकडे वळला. "चालन तुले?"

"मले काय," ती म्हणाली. "चुला संग हाये."

मारोतरावानं धाब्यामागची चिंचेखालची जागा दाखवली. गाडी तेवढी पुढे घ्यायला मात्र त्याच्या पोराला बसवावं लागलं. दुपारी चंदाबाईनं भाकरी थापल्या, सोनूनं दिलेला ठेचा काढला. मारोतराव काठी टेकत आला, पायरीवर बसून एक भाकर खाऊन गेला. जाताना म्हणाला, "नेमसिंग, इतके साल इथं आला, पन बसून कधी जेवला नाई तू." मग नेमसिंग पलंगावर आडवा झाला. बाहेर ट्रक जात होते, त्यातल्या प्रत्येकाचा गिअर त्याला ऐकू येत होता, आणि त्यातला एकही त्याला चालवायचा नव्हता. तो संध्याकाळपर्यंत झोपला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पाय उचलला. पूर्ण बरा झाला होता असं नाही, पण उचलला. त्या दिवशी ते पैनगंगेच्या पुलावरून पलीकडे गेले आणि आदिलाबादच्या अलीकडेच थांबले. मग तसंच ठरून गेलं. सकाळी निघायचं, कंटाळा आला की थांबायचं. पेट्रोल पंपाची मोकळी जागा, देवळाचं आवार, कधी एखाद्या धाब्याची मागची बाजू. जो रस्ता नेमसिंग ट्रक घेऊन दोन दिवसांत मारायचा, त्याला त्यांना महिना लागत आला.

तो महिना काही सुखाचा गेला नाही. निर्मलचा घाट चढताना इंजिन तापलं आणि उन्हात थांबावं लागलं. चंदाबाईला गाडीत झोप लागायची नाही. पाण्याची टाकी गळायला लागली तेव्हा गादी भिजली. कामारेड्डीच्या अलीकडे एका सकाळी तिचा श्वास असा अडकला, की मशीन लावूनही मोकळा होईना. नेमसिंग मिळेल त्या गावाकडे गाडी वळवून पळाला. एका लहानशा दवाखान्यात तिला सुई दिली, ऑक्सिजन दिला, दिवसभर ठेवून घेतलं. डॉक्टर तेलुगूत बोलत होता. नेमसिंगला त्यातलं रस्त्यापुरतं येत होतं, आजारापुरतं येत नव्हतं. तो हात जोडून नुसता उभा राहिला.

बाजूच्या खाटेवर एक म्हातारी होती, नातवाला घेऊन आलेली. तिनं चंदाबाईच्या हातावरचं गोंदण पाहिलं, वाकून जवळ आली आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत विचारलं, "कुठची गं तू, बाई?"

चंदाबाईनं नाकातली नळी तशीच ठेवून डोळे मोठे केले. आपल्या घरची बोली, इतक्या दूर. ती म्हातारी तिथल्याच एका तांड्यातली होती. डॉक्टरचं सगळं तिनंच तेलुगूतून गोरबोलीत आणि गोरबोलीतून तेलुगूत केलं. संध्याकाळी सोडल्यावर ती त्यांना आपल्या तांड्यावर घेऊन गेली आणि चार दिवस तिथून हलू दिलं नाही. लग्नं कशी लावता, दिवाळीला मेरा मागता की नाही, हे सगळं विचारून झालं. चंदाबाई बोलताना मधेमधे दम घ्यायची, पण बोलायची थांबत नव्हती. नेमसिंग त्या रस्त्यानं जन्मभर गेला होता आणि हायवेपासून एवढ्याशा अंतरावर आपली माणसं राहतात, हे त्याला माहीत नव्हतं.

पुढे हैदराबाद बाहेरूनच काढलं. गुंटूरच्या मिरचीच्या ठसक्यातून चंदाबाईला नेणं शक्यच नव्हतं, म्हणून तो लांबचा वळसा घालून गेला. बापटल्याच्या पुढे कोळ्यांच्या एका वस्तीपाशी, नारळाच्या बागेच्या कडेला, त्यांनी गाडी लावली. तिथं थंडी अशी नव्हतीच. सुरुवातीला वादळाचा पाऊस झाला, चार दिवस सगळं ओलं राहिलं, चंदाबाई वैतागली. मग आभाळ मोकळं झालं. तिच्या छातीत श्वासाबरोबर वाजणारी शीळ एका दिवसात गेली नाही, पण कमी कमी होत गेली. संक्रांतीच्या सुमारास तिला पाठीवर आडवं पडून झोप लागली. ती सकाळी उठून समुद्राकाठी जायची, होड्या लागल्या की बोटानं दाखवून मासळी घ्यायची. नेमसिंग दिवसाचा बराचसा भाग झोपून काढायचा. एवढी झोप कुठून येते, असं त्याचं त्यालाच वाटायचं. एकदा तिनं ओढून नेलं म्हणून तो पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला. पायाखालची वाळू सरकायला लागली तसा घाबरून तिचा हात धरून बाहेर आला.

त्या हिवाळ्यात यवतमाळच्या वॉर्डाचं तोंड पाहावं लागलं नाही.

होळीच्या आधी ते निघाले. परतीची वाट जातानापेक्षा लांब वाटली, कारण तिचा त्रास आता दोघांनाही ठाऊक होता. पाटणबोरीला थांबले तेव्हा शेतं रिकामी होती, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग लागले होते. चंदाबाई खाली उतरून चिंचेखाली पाय पसरून बसली. तिच्या तोंडावर धूळ होती, पायांना सूज होती, पण श्वास नीट चालला होता.

"तिकडे बरं हाये," ती म्हणाली. "पुढच्या साली बी जाऊ."

नेमसिंग चमकून तिच्याकडे वळला.

"पन गाडी इकून टाका," ती पुढे म्हणाली. "रेल्वेनं जाऊ. दोन खोल्या घेऊ तिथं. हा रस्ता लय हाये हो. मानसानं कितीक पाहावं?"

नेमसिंगनं हसायचं म्हणून तोंड उघडलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते बाहीनं पुसलं. मग गाडीतून चटई काढली, तिच्या बाजूला अंथरली, आणि थोडा वेळ पडतो म्हणून आडवा झाला. घर तासाभरावर होतं. घाई दोघांनाही नव्हती.